तोफेला राग येत नाही

शहाजीराव ड्रिल मास्तरांची शिट्टी वाजली की शाळेचं मैदान ताठ व्हायचं, कारण शिट्टीपाठोपाठ छडी येई. त्यांचे वडीलही हातानेच बोलायचे. "मार खाल्ला म्हणून माणूस झालो," असं शहाजी बायकोला, जयलक्ष्मीला, छाती काढून सांगत.

शहाण्णव साली त्यांचा धाकटा चुलतभाऊ वरुणराव सिंगापूरहून एक खेळ घेऊन आला. बँकेत ऑफिसर, सावकाश बोलणारा माणूस. पुठ्ठ्यावर छापलेला समुद्र, ज्याचं त्याचं जहाज, जहाजावर तोफा आणि मंतरलेले खलाशी. राजवाड्यामागच्या गल्लीत, शहाजींच्या घरी, रविवारी जेवणं उरकली की डाव मांडला जाई. शहाजींची मुलगी नित्या सातवीत होती, तीही जलकन्या हा खलाशी घेऊन खेळायची.

शहाजी दरवेळी एकच खलाशी घेत: कुऱ्हाडवाला एकाक्ष. तो जखमी झाला की त्याचा घाव दुप्पट होई. शहाजींना तो फार आवडे. जहाजं भिडली की ते मांडीवर थाप मारून समोरच्याची माणसं कापत सुटत. "हे मुंडकं गेलं! हा समुद्रात!"

त्या रविवारी वरुणरावाच्या तोफांनी शहाजींच्या जहाजाची डोलकाठी उडवली, निम्मे खलाशी बुडवले, एकाक्षही जखमी झाला. शहाजी हसले. त्यांनी एकाक्षाला तोफांवर बसवलं, तोफा डागल्या, फासे फेकले. दोन गोळे लागले.

"दुप्पट! चार झाले. बुडालास!"

"थांब, अण्णा," वरुणराव म्हणाला. "दुप्पट त्याच्या कुऱ्हाडीला. तोफेला राग येतो काय? बत्ती कुणीही दिली तरी गोळा तेवढाच."

"मग नित्याची जलकन्या तोफेवर बसते ते कसं चालतं?"

"तिची ताकद नेमाची. नेम तोफेच्या कामी येतो. याची ताकद मनगटाची."

"काका बरोबर सांगतात, अप्पा," नित्या म्हणाली.

शहाजींनी वरुणरावाचं जहाज उचलून भिंतीवर फेकलं. वरुणरावाने उठून ते आणलं, पुन्हा जागेवर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "तुझे वडील, थोरले काकाही असंच करायचे. बोलणं हरलं की हात."

पहिला ठोसा त्याच्या तोंडावर बसला. दात तुटून पुठ्ठ्यावरच्या निळ्या समुद्रात पडला. वरुणराव उठू लागला तशी शहाजींनी त्याची मान धरून डोकं खांबावर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. कानातून रक्ताची धार लागली. "पोदुम! पुरे! मरेल तो!" जयलक्ष्मी तमिळ-मराठीत किंचाळत आली. नित्या बापाच्या दंडाला लोंबकळली. शहाजींनी न बघताच हात झटकला. ती उंबऱ्यावर जाऊन पडली आणि तिच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

तेव्हा कुठे ते थांबले. मुलगी रडत नव्हती. मनगट पोटाशी धरून ती त्यांच्याकडे बघत होती, आणि ते एक पाऊल पुढे आले तशी मागे सरकली.

इस्पितळात पोलिसांनी विचारलं, तेव्हा वरुणराव फुटक्या ओठांनी म्हणाला, "भावाने मारलं." पडलो, घसरलो असलं काही बोलला नाही. शहाजींना कोठडीत राहावं लागलं, शाळेने घरी बसवलं. वरुणरावाच्या डाव्या कानाने ऐकणं सोडलं ते कायमचं. जयलक्ष्मी नित्याला घेऊन तिरुवैयारुला, माहेरी भावाकडे निघून गेली.

घर रिकामं झाल्यावर शहाजींना आधी रागच आला. सगळ्यांचा. मग एके दिवशी जेवताना त्यांच्या ध्यानात आलं, की लहानपणी वडील घरात शिरले की आपणही असेच भिंतीला चिकटून मागे सरकायचो. ते ताट तसंच ठेवून उठले.

ते बसने तिरुवैयारुला जाऊ लागले. नित्या बाहेर येईना. मेव्हण्याच्या ओसरीवर बसायचं, कॉफी प्यायची, परतायचं. नदीला पाणी सुटलं त्या सुमारास एकदा ती दारात येऊन उभी राहिली. प्लास्टर निघालं होतं, मनगट जरा वाकडं जुळलं होतं.

"दुखतं काय गं?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तुमची भीती वाटते."

"वाटणारच," शहाजी म्हणाले. उठून तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं त्यांना. पण ते जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने ती ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबाच्या पलीकडे बसली.