साडभाऊंच्या हातावरचं लंडन

पांढरकवड्यापासून यवतमाळपर्यंत माझ्या साडूइतका मिजासखोर आणि तरीही सगळ्यांचा लाडका माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून यावा! माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा पांढरकवड्याच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. मी यवतमाळला कॉलेजात इंग्रजीच शिकवायचो. मी फर्स्ट क्लास एम.ए., तो कसाबसा बी.ए. त्याच्या इंग्रजीत काळ एकच, वर्तमान. त्याचे स्वर्गवासी वडीलसुद्धा त्यात अजून रोज शेतावर जायचे. पण बोलायला लागला की समोरचा कोणीही असो, मान डोलवायचा. फुलसावंगीला सासुरवाडीत तो पोचला की सासूबाई लगेच कढई चढवायच्या. मी पोचलो की पाण्याचा गडवा पुढे करून विचारायच्या, "मोठे जवाई नाही आले काय?"

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात परदेशी पत्रकारांची रीघ लागली होती. गाव हायवेवर असल्यामुळे ते पांढरकवड्यालाच उतरायचे आणि उतरले की दुभाषी शोधायचे. कुणीतरी माझ्या साडूकडे बोट दाखवलं. माझ्याकडे का नाही? यवतमाळ काय चंद्रावर आहे? पण नाही! बघता बघता त्याला लंडनहून फोन यायला लागले, तेही त्यांच्या सोयीनं, म्हणजे हा वर्गात फळ्याशी उभा असताना किंवा संध्याकाळी न्हाणीत डोक्याला साबण लावलेला असताना. त्यात एका फिल्मवाल्या बाईनं सांगून टाकलं की फिल्म पुरी झाली की ती लंडनला दाखवायची आहे, तेव्हा तुम्हीही बोलायला या, तिकीट आमचं. झालं! साडूनं पासपोर्टचा अर्ज टाकला आणि मला फोन केला, "साडभाऊ, दोनतीन देशायचा टाइम दाखवते असं घड्याळ घ्याचं हाय. पण दिसाले झकास पाह्यजे. चाला मायासंगं."

मनातून जळत असताना मी गेलो कशाला, देव जाणे. पण गेलो. यवतमाळची दुकानं झाली, मग नागपूर. घड्याळ पारखायची त्याची तऱ्हाच निराळी. घड्याळ मनगटावर चढवून तो सरळ दुकानाबाहेर यायचा, एसटीला दाखवावा तसा हात उंच करायचा आणि मला रस्त्यापलीकडे उभं करून ओरडायचा, "दिसते का?" दिसलं नाही की ते घड्याळ नापास. शर्टाच्या बाहीखाली लपलं तरी नापास. मागून दुकानाचा नोकर धावत यायचा, त्याला वाटायचं गिऱ्हाईक पळालं! एका दुकानदारानं जास्तीचा काटा असलेलं एक भारी घड्याळ काढलं. तो काटा लंडनवर सरकवला की काम झालं, असं त्याचं म्हणणं. साडूनं काटा तासातासानं फिरवून बघितला.

"आपला अन् त्यायचा साडेपाच तासाचा फरक हाय. वरचा अर्धा तास कुठं हाय यात?"

"तो मनात धरायचा, साहेब."

"मनातच धराचा असंन तं मंग घड्याळ कायले पाह्यजे?"

दुकानदारानं घड्याळ परत डबीत ठेवलं. माझा मात्र असा जळफळाट झाला! एवढा नेमका सवाल मला का सुचू नये? शेवटी सीताबर्डीवर त्याला हवं तसं मिळालं. काळी तबकडी, तिच्या पोटात दोन छोट्या तबकड्या, प्रत्येकीचे काटे वेगळे, आणि चकचकीत स्टीलचा पट्टा. मोठीत आपली वेळ, एकीत लंडनची. तिसरी कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणतो कसा, "ते राखीव. पुढं आणखीन कोनी बलावलं तं!"

मग काय विचारता! चुलत मेव्हणीच्या लग्नात मुहूर्त टळत चालला होता, भटजी कावले होते आणि वरात अजून बँडपुढे नाचतच होती. साडूनं घड्याळाचा हात वर केला आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "घाबरू नका महाराज, लंडनात मुहूर्ताले अजून लय टाइम हाय!" अख्खा मांडव हसला. कावलेले भटजीही हसले. माझ्या मनगटावर माझ्या लग्नातलं घड्याळ होतं, एकाच गावाची वेळ दाखवणारं, तीही मागची. बायको कानाशी येऊन म्हणाली, "भाऊजींच्या हातावर लंडन आहे. तुमच्या हातावर काय, घामोळं?" पंगतीत मला घास गेला नाही. विमानात खिडकीशी बसलेला साडू काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

ती फिल्मवाली बाई पुन्हा आली तेव्हा मी रजा टाकली आणि त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसलो. म्हटलं, बघू तरी याचं इंग्रजी! जंगलाच्या कडेचं एक लहानसं गाव होतं. ज्या घरी गेलो, तिथल्या कर्त्या माणसानं थोड्याच दिवसांपूर्वी जीव दिला होता. पुढची खोली कापसानं छतापर्यंत भरलेली, आणि तिच्या दाराशी त्याची बायको बसलेली. कॅमेरा लागला. फिल्मवालीनं इंग्रजीत सांगितलं, त्या सकाळी नवरा तसा दिसला तेव्हा तुला काय वाटलं, असं हिला विचारा. साडूनं घसा खाकरला आणि त्या बाईला विचारलं,

"माय, जेवली का तू?"

मी झटकन सावरून बसलो. सापडला लेकाचा! याला साधा प्रश्न कळला नाही!

"चहा घेतला सकाळी," ती म्हणाली. "पोरगी शाळेतून आली का टाकतो भाकर."

"कितवीत हाय पोरगी?"

मग ती बोलत राहिली. पोरीचं गणित, पोरीचा हट्ट, बापासारखाच तिचा राग. बोलता बोलता एकदा हसलीसुद्धा. साडू फिल्मवालीकडे वळला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मॅडम, त्या दिवसाबद्दल ही बोलणार नाही म्हणते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की प्रश्न त्याला बरोबर कळला होता.

परतताना जीपमध्ये फिल्मवालीनं मला विचारलं, ती खरंच असं म्हणाली का? साडू खिडकीबाहेर बघत होता. माझ्या एका शब्दावर त्याचं लंडन होतं, आणि कुणास ठाऊक, माझंही असेल. मी माझ्या फर्स्ट क्लास इंग्रजीत सांगितलं, हो, अगदी शब्द न् शब्द. तिला ते पटलेलं दिसलं नाही. नागपूरला जाऊन तिनं ती टेप दुसऱ्या कुणाकडून ऐकून घेतली, आणि पुढं त्या नागपूरवाल्यालाच दुभाषी नेमलं. लंडनलाही तोच गेला.

बातमी आली तेव्हा मी पांढरकवड्याला गेलो. साडू ओट्यावर बसून पेपर तपासत होता.

"साडभाऊ, तो सवाल काहून नाही विचारला?" मी म्हटलं. "घरी चालून आलतं तिकीट."

त्यानं पेन खाली ठेवलं. "इंग्रजीत तो सवाल बरा वाटला हो. आपल्या बोलीत तोंडाशी आला, अन् मले तिच्यापुढं लाज वाटली." एवढं बोलून त्यानं पुढचा पेपर ओढला.

माझा हेवा गेलेला नाही. उलट वाढलाच आहे. माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं होतं, हे मी आजही कुणालाही सांगेन. त्याच्या जागी मी असतो, तर तो प्रश्न त्या बाईला मी बिनचूक विचारला असता.