निकाल आधी, पोहे नंतर

आइस हॉकी जगात दोनच प्रकारची माणसं बघतात: ज्यांना कुणीतरी जिंकावं असं वाटतं ती, आणि माझ्या बायकोचे मावसभाऊ. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. कोण जिंकलं याच्याशी दादांना काडीचं देणंघेणं नाही, त्यांना हवा असतो वाद. राहायला शारजात, नोकरी दुबईत, अल क्वोजच्या शीतगृहात. एकदा एका बर्फाच्या रिंकचा कंप्रेसर दुरुस्त करायला गेले आणि हे खूळ घेऊन परत आले.

तिकडे अमेरिकेत बाद फेरी सुरू झाली की शनिवारी सकाळी आम्हाला दादांकडे पोह्यांचं आमंत्रण. रेकॉर्ड केलेला सामना लागतो, रबरी चकती गोलात जाते, कुणीतरी हरकत घेतं, पंच व्हिडिओ तपासायला जातात आणि नेमका तिथेच दादा टीव्ही थांबवतात. मीठदाणी म्हणजे गोलकीपर, लिंबाची फोड म्हणजे चकती, असं सगळं टेबलावर पुन्हा घडतं. मग प्रत्येकाने निकाल द्यायचा. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला पोहे नाहीत! मी एकदा खरोखर उपाशी घरी आलोय. बायको मात्र काहीतरी ठोकून देऊन दोनदा वाढून घेते. पंचांचा खरा निकाल दादा कधी लावून बघतच नाहीत. म्हणतात, "पंचांचं पंचांपाशी. तुम्हाला काय दिसलं ते सांगा, जावईबापू."

पण हे खूळ एकदा त्यांना फार महागात पडलं. त्यांची लेक सई अबू धाबीला मुलींच्या संघात खेळायची. अंतिम सामना, बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि सईच्या स्केटवरून चकती आत. चुकून पायाला लागली तर गोल, मुद्दाम पायाने मारली तर नाही. माणूस कमी पडला म्हणून गोलामागे पंचांचा मदतनीस होऊन दादाच बसले होते. पंचांनी त्यांना विचारलं, आणि हे हरिश्चंद्र म्हणाले, मारली. गोल रद्द झाला, पुढे सामनाही गेला. शारजापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये पोर एकच वाक्य बोलली, "बाबा, यू कुड हॅव सेड यू डिडन्ट सी." दादा म्हणाले, "दिसलं होतं गं." सईने पुन्हा स्केट्स घातले नाहीत.

आता ती शिकायला कॅनडात आहे. गेल्या शनिवारी दादांनी टीव्हीऐवजी फोन पुढे केला. कुणाच्या तरी आईने व्हिडिओत टिपलेला तोच गोल, चकती स्केटला लागते तिथे थांबवलेला. मी म्हटलं, आज तुम्ही निकाल द्या. बराच वेळ ते बघत राहिले.

"माहीत नाही हो," म्हणाले, आणि स्वतःची बशी निमूटपणे बाजूला सारली.

मला राहवलं नाही. बशी परत त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, हेच सईला सांगा. तिकडे अजून शुक्रवारची रात्रच होती. त्यांनी स्पीकरवर फोन लावला आणि चाचरत सांगितलं. पलीकडून सई हळूच म्हणाली, "आय किक्ड इट, बाबा. आय ऑल्वेज न्यू."

खरा निकाल दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला. स्पीकर बंद करून फोन त्यांनी कानाला धरला. मी आणि बायको स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांचे पोहे पुन्हा गरम करत ठेवले.