अव्वाची जागा

गुरुबसप्पाने उमेदीची बावीस वर्षं मस्कतला रस्ते करण्यात घातली. पायात जाड बूट, तोंडाला फडकं आणि समोर वाफाळतं डांबर. घरी फोनवर मात्र "कंपनीत हाय" एवढंच सांगायचा. आई वारली तेव्हा आला आणि पंधरवड्यात परत गेला. मग आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. आता गुडघे बोलायला लागले, तेव्हा कुठे साहेब कायमचे परतले.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन मातीत बसवतात. आईला घरात सगळे अव्वा म्हणत. अव्वाला शेतात बसवायचा खड्डा गुरुबसप्पानेच खणला होता, चांगला पुरुषभर खोल. वर खुणेला एक काळा दगड. त्या दगडावर बेलाचं पान ठेवायचं, मग बाकीचं काय ते बघू, असं ठरवूनच तो निघाला होता.

उदगीरला धाकटा भाऊ उमाशंकर मोटारसायकल घेऊन आला. वाटेत गुरुबसप्पाला काही ओळखू येईना. रसवंतीच्या जागी क्लासची चार मजली इमारत, तिच्यावर पोरांचे फोटो आणि मार्क. पुढे शेतं कापत गेलेला चौपदरी रस्ता. सवयीने त्याने आधी रस्त्याची कड बघितली.

"काम बरं केलंय," तो म्हणाला. पण आनंद काही झाला नाही. जन्मभर ज्याला कंटाळून घरी आलो, तेच दारात येऊन बसलंय असं त्याला वाटलं.

शेतात पोचले, तर बांधावर लिंबाखाली तो काळा दगड होता, विभूती लावलेला.

"अव्वाला हितं आणलं," उमाशंकर म्हणाला. "जागा रोडमधी गेली. फोनवर सांगितलं होतं की तुला."

सांगितलं होतं खरं. आणि "जाऊ दे, रस्ता व्हायला पायजे," असं मोठ्या तोंडाने हाच म्हणाला होता. गुरुबसप्पाने खिशातून पान काढलं आणि त्याचा हात थांबला.

"खड्ड्यातून काय काढलास?"

उमाशंकर खाली बघू लागला. "दगड तेवढा आणला, अण्णा. रोडचं मशीन शेतात उभं होतं. अव्वाला उकरायची हिंमत झाली न्हाई."

गुरुबसप्पाला भयंकर राग आला. पण तो कुणावर काढायचा? तो बांधावर बसला. मग सवयीने डोकं चालू लागलं. वरची माती फूट-दीड फूट काढतात, त्यावर मुरूम, खडी, डांबर. खाली कुणी हात लावत नाही.

"म्हणजे अव्वा तिथंच बसून हाय," तो म्हणाला.

बावीस वर्षांत आपण किती जणांवरून डांबर ओढलं, कोण जाणे. एकदाही विचारलं नव्हतं.

जुनी विहीर शाबूत होती. तिच्यापासून अव्वाची जागा चाळीस पावलांवर. मोजत मोजत तो रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबला. वैशाखातली दुपार. त्याने चपला काढल्या.

"अण्णा, पाय भाजतील!"

"मग काय अव्वाच्या डोक्यावर चपला घालून उभा राहू?"

पान ठेवायला तो वाकू लागला, पण गुडघे वाकेनात. उमाशंकर धरायला धावला, आणि पट्टीपाशी येताच त्यानेही आपल्या चपला काढल्या.