बिया नसलेली भांग

तीन बोटांची चिमूट वर धरून काका म्हणायचे, "माप हातात असतं रे." मग तो मसाला असो, चहापत्ती असो, की होळीच्या थंडाईतली भांग.

मूळचे नागपूरचे. विमानतळावर सामान चढवण्यात उमेदीची वर्षं गेली. लंडनमधल्या हाउन्सलोत माझ्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे कुणी असतील, भेटले की आधी तुमच्या पिशवीत डोकावणारे.

माझं दुकान घरात रोपं वाढवायच्या दिव्यांचं. गिऱ्हाईक सांगतं, टोमॅटो लावलेत. मी वीस वर्षं मान हलवत आलो. काका चारचौघांत माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे टोमॅटोवाले." तेही मी चालू दिलं.

पूर्वी त्यांना मिळायचा तो भांगेचा पाला वाळका, काड्या-बियांनी भरलेला. चष्मा नाकावर आणून ते ताटलीत बिया निवडत बसायचे. गेल्या होळीला त्यांनी नवी पुडी दाखवली. "बघ, एक बी नाही. कुणीतरी निवडून दिलंय. भलं होवो त्याचं."

कुणीही निवडलं नव्हतं. मादी झाडं नरापासून वेगळी ठेवली की बी धरतच नाही, सगळा जोर फुलांवरच्या चिकात जातो, आणि नशा त्या चिकातच असते. त्यात दिव्यांचा मोजून दिलेला उजेड, आणि दरवेळी सर्वांत कडक झाडाचीच कलमं. इतकी वर्षं हे चाललंय. जुन्या चिमटीत आणि आताच्या चिमटीत किती फरक आहे, मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर माझे दिवे कशासाठी जातात, तेही सांगावं लागलं असतं.

"काका, जरा कमी टाका," एवढंच म्हणालो.

"तुला ड्राइव्ह करायचंय ना, तू घेऊ नको. मला शिकवू नको."

तासभर काहीच जाणवलं नाही, म्हणून त्यांनी थंडाईचा दुसरा ग्लास घेतला. मग भिंत धरून उठले, "फ्लोअर हलतोय रे" म्हणाले आणि पडले. खुबा मोडला.

हॉस्पिटलमध्ये काका म्हणाले, "वय झालं. साधी भांग सोसत नाही आता." मी त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं. मुलाने त्यांना लीड्सच्या केअर होममध्ये नेलं.

ऑगस्टमध्ये मी गेलो. चालता येतं, पण खुर्चीतून उठतच नाहीत, असं तिथली नर्स म्हणाली. मी त्यांना सगळं सांगितलं. बियांचं, दिव्यांचं, टोमॅटोचं.

त्यांनी चष्मा नाकावर आणला. "म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो?"

"नाही, काका."

"मग इतके महिने मला म्हातारा होऊ का दिलंस?"

त्यांनी वॉकर ओढला, माझा हात बाजूला सारला आणि लिफ्टपर्यंत मला सोडायला आले. "जा आता," म्हणाले.

त्यानंतर मी फोन केला की नर्स सांगते, ते बाहेर चालायला गेलेत. खरंच गेलेत, की मला तसं सांगायला सांगितलंय, हे मी विचारत नाही.