लेकीच्या दारावरची ड्यूटी

फौजेत मी सव्वीस वर्षं काढली. बर्फात उभा राहिलो, वाळवंटात उभा राहिलो. पण सगळ्यात अवघड ड्यूटी केली ती पलूसला आमच्याच घरी, लेकीच्या खोलीबाहेर, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नात झाली आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पेढा हातावर ठेवला की मी म्हणायचो, "या की घरी, बघायला!" आणि माणसं आली. पेन्शनर मित्र आले, त्यांच्या बायका आल्या, बायकांच्या जावा आल्या. नात या मांडीवरून त्या मांडीवर फिरायची. रडली की कुणीतरी खांद्यावर घेऊन झुलवायचं, मग ती दमून झोपायची. लेक ओढणी सावरत कोपऱ्यात बसून राहायची. मी आपला चहा सांगत सुटायचो.

दहाव्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आशाताई वजनकाटा घेऊन आल्या. झोळीत नात टांगली, काट्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. वजन जन्माच्या वेळेपेक्षाही खाली गेलं होतं.

"पोट भरत नाही तिचं. चार दिवसांनी परत येते. तेव्हाही काटा चढला नाही, तर थेट डॉक्टरांकडे."

लेक रडायलाच लागली. "मला दूधच येत नाही, आई. उद्यापासून डब्यातलं देऊया."

पावडरचा डबा कपाटावर तयारच होता. मीच आणला होता, कुमक म्हणून. पण लेकीला अंगावरच पाजायचं होतं. पोटात पोर असल्यापासून ती तेच म्हणत आली होती.

आशाताई तासभर आत बसल्या. बाळाला कसं जवळ घ्यायचं, तोंडात मोठा घास कसा येऊ द्यायचा, ते त्यांनी दाखवलं. बाहेर आल्या तेव्हा ओसरीवर माझे तीन मित्र बशीत चहा ओतत होते.

"काका, म्हैस आहे ना तुमची? धार काढताना गोठ्यात कुणाला येऊ देता?"

"छे छे! परकं माणूस दिसलं की पान्हा चोरती ती. परवा वायरमन डोकावला, तर बादलीच उडवली लाथेनं."

"म्हशीचं एवढं कळतं तुम्हाला. मग लेकीभोवती ही जत्रा कशाला भरवलीय?"

मित्रांनी चहा अर्धा ठेवला आणि चपला शोधल्या. मला शोधायला काहीच नव्हतं. मी म्हशीकडे बघितलं, तर तिनंही मान फिरवली.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी आपसात कामं वाटून घेतली. समोरच्या काकू लेकीच्या पाठीशी उशी लावून बसणार. मागच्या घरची सून, जिचं पोर आठ महिन्यांचं, ती रोज दुपारी शेजारी बसून स्वतःचं पाजून दाखवणार. धुणं आमच्या हिनं घेतलं. मी विचारलं, "आणि मी?"

"तुमी दारात बसा. सुभेदार हाय न्हवं?" ही म्हणाली. "आन् कुणाला आत सोडलंत तर बघा!"

त्या दुपारी आठवल्या की अजून डोळ्यांपुढे सायीसारखा उजेड पसरतो. दाराच्या फटीतून ओव्याच्या धुरीचा वास यायचा. लांब रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या कण्हत जायच्या. आतून बायकांचं हळू आवाजातलं हसणं, "घाई नको गं, घेईल ती," आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत माझा डोळा लागायचा. एकदा स्वप्न पडलं की बर्फातल्या चौकीवर आमची म्हैस पहाऱ्याला उभी आहे, आणि मी तिला सलाम ठोकतोय.

तिसऱ्या दिवशी रहिमतपूरहून माझी थोरली बहीण डिंकाचे लाडू घेऊन आली. मी खुर्चीसकट दाराला आडवा झालो.

"आक्का, आत न्हाई जायचं."

"मला अडवतोस? तुझा शेंबूड पुसलाय मी!"

"व्हय. पण पोरगी पाजतीया."

आक्कानं डबा माझ्या मांडीवर आदळला, पायरीवर बसली आणि पाठ फिरवली. तशीच पाठमोरी म्हणाली, "माझ्या दाराला कोण बसलं न्हवतं रं. पैल्या पोराला महिन्यातच वरचं दूध. समदी म्हणायची, हिला दूधच न्हाई." मग पदरानं तोंड पुसलं. "सरक जरा. दोघं बसू."

चौथ्या दिवशी आशाताई आल्या. झोळी टांगली. आक्का आणि मी दारातून माना लांबवून बघत होतो. काटा हलला, थरथरला आणि जुन्या रेघेच्या पुढं जाऊन थांबला. फार नाही, थोडासाच. लेक एकदम हसली आणि लगेच रडली.

"आता डब्याची गरज नाही," आशाताई म्हणाल्या.

मी "शाब्बास!" म्हणून ओरडलो. कवायतीच्या मैदानावरचा आवाज तो. नात दचकून रडू लागली, लेकीनं तिला जवळ घेतलं, आणि आतून गुटूक, गुटूक असा बारीक आवाज यायला लागला. मी तो ऐकायला आणखी पुढं वाकलो.

तेवढ्यात आक्कानं माझी कॉलर धरली. "चल हो बाजूला," ती कुजबुजली. "तूबी परकाच." आणि माझ्या नाकासमोर हळूच दार ओढून घेतलं.