गनीभाईचे सहा टायर

नगरच्या माळीवाड्यात लॉरीवाले पुष्कळ होते, पण संशय घेण्यात गनीभाईचा हात धरणारा कुणी नव्हता. चहात साखर कमी लागली तर तो हॉटेलवाल्याला नाही, शेजारी बसलेल्यालाच न्याहाळून बघायचा. बायको शरिफा म्हणायची, "अहो, तुमची सावली मागं आली तरी तुम्ही वळून बघाल!" तो म्हणायचा, "बघावंच लागतं. जमाना कसला आहे!"

जमाना खरंच वाईट होता म्हणा. साल लढाईचं, चव्वेचाळीसचं. रबर सगळं लष्कराकडं जात होतं. लॉरीचा नवा टायर हवा असेल तर परमिट, आणि परमिट म्हणजे देवाचं दर्शन, कधी होईल त्याचा नेम नाही. राहुरीच्या एका लॉरीवाल्याचे तर रात्रीतून चारही मागचे टायर गेले. सकाळी बघतो तर लॉरी दगडांवर उभी! तेव्हापासून गनीभाईची झोप उडाली. राहुरीहून नगरला गूळ आणणारी ती एक लॉरी, तिचे पुढचे दोन नि मागचे चार, असे सहा टायर, यावरच त्याचा सगळा संसार चालायचा. ते गेले की लॉरी म्हणजे नुसतं लोखंड.

ड्रायव्हर रंगनाथ, राहुरीजवळच्या वस्तीवरचा. दोघं तरुणपणापासूनचे जोडीदार. गनीभाईच्या बापाच्या बैलगाड्या होत्या, तेव्हा हे दोघे एकाच गाडीवर हाकायला बसलेले. लॉरी घेतली तेव्हा गनीभाईनं परक्या माणसाच्या हाती किल्ली दिली नाही, रंगनाथच्याच दिली.

आता टायर चोरीला गेला तर तो आपलाच आहे हे सिद्ध कसं करायचं? गनीभाईला बाप आठवला. बाप बाजारातून बैल आणला की पहिलं काम काय करायचा, तर लोखंड लाल करून त्याच्या मांडीवर खूण डागायचा. मग कुणाची माय व्यालीय त्या बैलाला हात लावायची! झालं. गनीभाईनं लोहाराकडून एक सळई वाकवून आणली, भट्टीत लालबुंद केली आणि पहिल्या टायरच्या बाजूला जोरानं दाबली. चर्र आवाज झाला, काळा धूर निघाला, नाक धरायची वेळ आली.

रंगनाथ धावत आला. "गनीभाई, अवं काय करताय? रबराला इस्तू लावू नगा!"

"का रे? बैलाला डाग दिला तर बैल मरतो का?"

"बैल बैल हाय, टायर टायर हाय. राहू द्या म्हनतो मी."

बस्स! हा अडवतो कशाला? खूण नको, म्हणजे विकायला मोकळं, असंच ना? गनीभाईनं सहाच्या सहा टायर डागले, आणि त्या दिवसापासून रंगनाथकडं तिरक्या नजरेनं बघायला लागला. रंगनाथ टायरजवळ बसला की हा खाकरत जवळ जाऊन उभा. रंगनाथ हवा भरायला लागला की हा पंपाची नळी बघतो. बिचारा रंगनाथ हसण्यावारी न्यायचा.

मग एक दिवस विळदच्या घाटात, गुळाच्या भेल्यांनी ठासून भरलेली लॉरी वळण घेत असताना मागचा टायर फुटला. बंदुकीचा बार झाला म्हणा ना! लॉरी कलली, कडेला सरकली. रंगनाथनं जिवाच्या आकांतानं हातातलं चाक दाबून धरलं म्हणून ती थांबली, नाहीतर गुळासकट दरीतच. गूळ सांडला, माणूस वाचला. जोडीचा दुसरा टायर शाबूत होता, तेवढ्यावर त्यानं लॉरी कशीबशी माळीवाड्याच्या स्टँडवर आणली.

गनीभाईनं टायर बघितला. बरोबर खुणेपाशीच फाटला होता. खूण पार उडाली होती.

दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. गनीभाईच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं. "खूण उडवायला इथंच टोचलंस! सगळ्या खुणा अशाच उडवणार नि टायर विकणार!"

चहावाला म्हणाला, "अहो गनीभाई, फाटका टायर घेणार कोण?"

"तू गप रे!" असं म्हणत त्यानं भर स्टँडवर रंगनाथच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. हाताला दाभण लागलं. "हे काय?"

"पोती शिवायचं दाभण. गूळवाल्या समद्या ड्रायव्हरांच्या खिशात असतंय, तुमाला ठावं न्हाई का?"

ठाऊक होतं की! पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला दाभणाचासुद्धा भाला दिसतो. "चोर!" गनीभाई ओरडला. रंगनाथनं किल्ली लॉरीच्या पायरीवर ठेवली, धोतर झटकलं नि राहुरीच्या वाटेला लागला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

गनीभाईनं गोडाऊनमधला एक जुना टायर चढवला, नवा ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः शेजारी बसून पहारा करायला लागला. देहऱ्याजवळ मोकळ्या रस्त्यावर मागचाच आणखी एक टायर फुटला. तोही खुणेपाशीच! रंगनाथ तेव्हा वस्तीवर, नवा ड्रायव्हर नजरेसमोर, आता टोचलं कुणी? गनीभाई खाली उतरला, फाटलेल्या टायरच्या आत हात घालून चाचपडू लागला. डाग दिला होता तिथं आतलं सूत करपून भुगा झालं होतं. बोटाला काळं लागलं. मग त्यानं डागलेले उरलेले चारही टायर चाचपले. प्रत्येकावर खुणेपाशी टेंगूळ आलं होतं.

"या अल्ला," तो रस्त्यातच खाली बसला. "मीच फोडले रे, मीच!"

दुसऱ्या दिवशी तो रंगनाथच्या वस्तीवर गेला. दारात छबूबाई, रंगनाथची बायको. लॉरी घेतली त्या दिवशी पेढे खायला आलेली, ईदला शिरखुर्मा घेऊन गेलेली. ती म्हणाली, "पानी देते, बसा. पन आधी घरात काय काय हाय ते बघून घ्या. उद्या तुमचं काई हरवलं तर ताडून बघायला बरं."

गनीभाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगनाथ बाहेर आला तसं त्यानं टोपी काढून हातात घेतली. "रंगू, चुकलो. टायर मीच जाळले. तू चल. लॉरी बंद पडली तर माझं घर बुडतंय."

रंगनाथनं सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. मग म्हणाला, "येतो. त्या स्टँडवर चोर म्हनून उतरलो, तितनंच परत चढायचंय मला. पन माझी एक अट हाय, ती तितं सांगीन."

लॉरी देहऱ्याजवळ उभी होती तिथं तो आला. त्यानं फुटलेल्या टायरचे तुकडे कापून प्रत्येक टेंगळाच्या आतून बसवले, माल निम्मा केला, थोड्या थोड्या अंतरावर थांबून टायरला हाताची पाठ लावून बघितली. तापला तर सावलीत उभा. गनीभाई शेजारी बसून नुसता 'हो रे, हो रे' करत होता. लॉरी सुखरूप नगरात पोचली. स्टँडवर चहावाला, हमाल, चार लॉरीवाले सगळे होते.

रंगनाथ उतरला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. "घ्या झडती."

"रंगू, पुरे आता. माफी मागतो ना!"

"माफी वस्तीवर मागितली तुमी. चोर हितं म्हनला हुता. रोज लॉरी थांबली की रोज झडती, ही माझी अट. उद्या आनखी एखादा फुटला म्हंजे बोल नको." आजवर गनीभाई म्हणणारा तो पुढं म्हणाला, "त्या दिशी आतला खिसा ऱ्हायला हुता, मालक."

सगळा स्टँड बघत होता. गनीभाईनं हात आतल्या खिशात घातला. खिसा रिकामा होता. पुढं ती लॉरी चालली तोवर रोज संध्याकाळी त्याला त्या खिशात हात घालावा लागला.