सांगमुकचा वाडगा

हा वाडगा जेवणाचा, की श्राद्धाचा? जुन्या काशाच्या भांड्यांचे व्यापारी पहिल्यांदा हेच विचारतात, आणि बैठकीच्या उंचीवरून किंवा झिजलेल्या काठावरून त्यांना बहुधा उत्तरही मिळते. क्वोन बुनीच्या घरातल्या झाकणाच्या वाडग्याबाबत मात्र प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही.

आनदोंगजवळच्या त्या घरात काशाचे भांडे एवढे एकच उरले होते. महायुद्धात धातूसाठी घरोघरची भांडी गोळा झाली तेव्हा बुनीच्या सासूने ते चुलीच्या राखेत पुरून वाचवले होते. पुढे १९५०च्या उन्हाळ्यात बुनीचा नवरा र्यू सांगमुक याला सैनिकांनी ओझी वाहायला नेले. उत्तरेच्या की दक्षिणेच्या सैनिकांनी, हेही कोणाला धड सांगता येईना. त्या दिवसापासून सासू रोज संध्याकाळी पहिला भात या वाडग्यात काढी आणि झाकण लावून चुलीच्या आचेने जमीन तापे त्या गरम कोपऱ्यात, रजईखाली ठेवी. पोरगा अवेळी आला तर त्याला गार भात नको. सकाळी झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दिसले की ती म्हणे, "आहे गं सूनबाई, कुठंतरी आहे."

गरम भातावर झाकण ठेवले की थेंब धरणारच, हे बुनीला ठाऊक होते. तरी रोज सकाळी ती झाकण उचलून पाही. सासऱ्यांच्या तिथीला हाच वाडगा रजईखालून निघून श्राद्धाला जाई आणि त्या दिवशी सांगमुकचा भात मातीच्या भांड्यात पडे. सासू गेल्यावर भात काढण्याचे काम बुनीकडे आले. कोळशाच्या वड्यांच्या धुराने कासे काळे पडे, म्हणून कौलाची पूड आणि ओला पेंढा घेऊन ती ते घाशी. शेजारणींनी कधीच कासे देऊन स्टीलचे वाडगे घेतले होते.

१९६८च्या शरदात बुनीच्या मुलीचे, इन्सुकचे, लग्न ठरत आले आणि तिथेच अडले. मुलाच्या काकांनी सरळच विचारले, "व्याही आहेत, की नाहीत? ते रेषेपलीकडे उत्तरेत, शत्रूकडे निघाले तर आमच्या पोराची शाळेतली नोकरी गेलीच म्हणून समजा."

बुनीचा धाकटा दीर सांगहो याने तोड काढली. ज्यांची मृत्युतिथी माहीत नाही त्यांचे श्राद्ध नवव्या महिन्याच्या नवमीला भरदिवसा करतात. ते करायचे आणि काकांना बोलवायचे.

"एकदा पाहिलं की त्यांचं तोंड बंद होईल, वहिनी."

"आणि ते परत आले तर?"

"तर दादाची माफी मागू. पण पोरीचं वय थांबणार आहे का?"

बुनी होय म्हणाली नाही, नकोही म्हणाली नाही. नवमीला तिने मुळ्याचे सार केले, खारवलेला मासा वाफवला, नव्या तांदळाचा भात काशाच्या वाडग्यात भरला. मांडामांड खरे तर पुरुषांनी करायची; पण सांगहो अंगणात काकांना दारू ओतत होता, तेव्हा पानही तिनेच मांडले.

सांगहो आत आला आणि दारातच थबकला. जिवंत माणसाच्या डाव्या हाताला भात आणि उजव्या हाताला सार ठेवतात; मृताचे पान याच्या नेमके उलट. समोर पान होते ते जिवंत माणसाचे.

"वहिनी, हे काय मांडलंत? दादा काय आत्ता हातपाय धुऊन जेवायला बसणार आहे?"

बुनीने पाहिले. आपण हे मुद्दाम केले, की हात सवयीने चालले, ते तिचे तिलाच उमगेना. "उलट करा मग," ती म्हणाली.

मृताच्या भातात रोवतात तो चमचा रोवण्यासाठी सांगहोने आधी झाकण उचलले. थेंब ओघळून त्याच्या मनगटावर पडले. त्याचा हात तसाच राहिला.

"थांबा," बुनी म्हणाली. तिने झाकण त्याच्या हातातून घेतले, वाडग्यावर बसवले, वाडगा पदराआडून न्यावा तसा पोटाशी धरून पलीकडच्या खोलीत नेला आणि रजईखाली सरकवला. परतली ती स्टीलचा वाडगा घेऊन, गच्च भात भरलेला. तो तिने मृताच्या बाजूला ठेवला.

"एका माणसाला दोन वाडगे? वहिनी, दादा गेलाय की नाही?"

"मला काय विचारता, भावोजी! मला कुठं माहीत आहे?"

श्राद्ध झाले. सांगहोने चमचा रोवला, दोनदा वाकून नमस्कार केला. इन्सुक रडली, पण कोणासाठी, हे तिलाही नीट कळले नसावे. मग पाहुण्याचा मान म्हणून काकांना पलीकडच्या खोलीत, गरम कोपऱ्यात बसवले. अंगणात गारठलेल्या काकांनी रजई गुडघ्यांवर ओढली आणि पाय लांब केले. सांगहोने डोळे मिटून घेतले.

"इथं काहीतरी गरम लागतंय," काका म्हणाले.

"भात आहे," बुनी म्हणाली.

"कोणाचा?"

"घरधन्याचा."

"मग आत्ता श्राद्ध झालं ते कोणाचं?"

"त्यांचंच."

काकांनी सांगहोकडे पाहिले. सांगहो आढ्याचे वासे न्याहाळत होता. इन्सुक दारात माशाची ताटली धरून उभी होती. ताटली खाली ठेवायची, की परत न्यायची, याची वाट पाहत.

काकांनी पाय आखडून घेतले. रजईची कड चाचपून नीट खोचली. "मी काय पाहायला आलो होतो?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "श्राद्ध. ते पाहिलं. घरी तेवढंच सांगतो. आण पोरी तो मासा, निवतोय."

इन्सुकचे लग्न त्याच हिवाळ्यात झाले. बुनी १९९१ साली वारली, आणि १९९४च्या मे महिन्यात तो वाडगा आनदोंगमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात झाकणासकट विकला गेला.